ताऱ्यांच्या कारखान्यात चहा

आमचा स्टुडिओ परळच्या एका बंद गिरणीत होता. संपाला वीसेक वर्षं होऊन गेली होती. आवाराच्या एका बाजूला काचेची इमारत उभी राहत होती आणि दुसऱ्या बाजूला जुन्या विणकाम खात्याला रंग देऊन, एसी बसवून, आत संगणकांच्या रांगा मांडल्या होत्या. लोखंडी खांब तसेच ठेवले होते. मी सातव्या खांबाशेजारी बसायचो. हा तपशील मला इतका पक्का आठवतो, कारण मी ज्यांच्याकडे राहत आणि जेवत होतो त्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कितव्या खांबाजवळ बसवलंय तुला?"

काकांनी संपापर्यंत त्याच खात्यात साचे चालवले होते. साचा म्हणजे माग. त्यांचे चार साचे नवव्या खांबापाशी. मी सातव्याशी बसतो म्हटल्यावर ते काकींना म्हणाले, "दोन खांब मागे हा. शिकेल हळूहळू."

लालबागच्या त्यांच्या खोलीत काकी खानावळ चालवत. पूर्वी गिरणीवाले जेवायला येत, आता माझ्यासारखे नोकरीवाले. दोघं मालवणकडची. आमच्याशी शहरी मराठी बोलत आणि रंगात आली की सरळ मालवणीवर येत. मी सांगोल्याकडचा. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. त्या पदवीवर दादरला ॲनिमेशनचा कोर्स केला तेव्हा वडिलांनी गावात सांगितलं, "मुलगा मुंबईत कार्टून काढतो." त्यावर शेजारचे गुरुजी म्हणाले होते, "एवढं शिकून?"

तर काम असं होतं. परदेशातल्या गाजलेल्या अंतराळपटांची एक साखळी होती. त्यातला एक मी शाळेत असताना व्हिडिओवर हिंदीत पाहिला होता, सतरंजीवर बसून, चार वेळा. त्या सिनेमांत एक ओसाड ग्रह आहे. तिथे एक प्रचंड कारखाना मरून पडलेला असतो. कधीकाळी तिथे ताऱ्यांमधून जाणाऱ्या जहाजांची शिडं विणली जात. आता त्याच ग्रहाची आधीची गोष्ट ॲनिमेशन मालिकेत येणार होती. कारखाना चालू असतानाची, विणकर बंड करून यंत्रं थांबवतात तिथवरची. आणि त्या मालिकेचे काही भाग आमच्या स्टुडिओत, परळमध्ये, सातव्या खांबाशेजारी बनणार होते. ही बातमी कळली त्या दिवशी मी परळहून लालबागला चालत आलो की उडत, ते सांगता येणार नाही.

काकींना मी जेवताना सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे शेवट ठावक असताना बघूची?" काकींनी विचारलं.

"हो. पुढे कारखाना मरतो हे सगळ्यांना माहीत आहे."

"मगे लोक कशाक बघतत?"

काका आमटी भुरकत म्हणाले, "मी रोज संपाच्या आधीचा सांगतंय, तां आयकतंस ना तू? शेवट तुका ठावक नाय?"

"मी खंय आयकतंय," काकी म्हणाल्या. "मी भाकऱ्या थापतंय."

माझ्या वाट्याला पहिल्या भागातला तीस सेकंदांचा प्रसंग आला. कारखान्याचं आतलं दृश्य, शेकडो साचे चालू, कॅमेरा वरून खाली येतो, आणि मालिकेची नायिका, एक विणकर मुलगी, सगळ्या खात्याला इशारा देते. त्यावर यंत्रं थांबतात. मी सहा महिन्यांच्या उमेदवारीवर होतो आणि पाचवा महिना चालू होता. आमच्या पर्यवेक्षक मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं, "तिकडच्या दिग्दर्शकांनी तुझा हा शॉट पास केला की तू पक्का. तीन वेळा पाठवता येतो. चौथ्यांदा दुसऱ्याला द्यावा लागेल." दुसऱ्याला दिला की माझी नोकरी संपणार होती. गावाकडे मामांनी साखर कारखान्यात कारकुनाची जागा बघून ठेवली होती आणि दर फोनला तिची आठवण करून देत होते.

मी जीव ओतून काम केलं. माझ्या दृश्यात शंभर साचे अगदी एका तालात चालत. आडवा धागा नेणारे शंभर धोटे एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे. नायिका मधोमध उभी राहून हात वर करून ओरडे. पहिल्या वेळी उत्तर आलं: गाण्याच्या चित्रीकरणासारखं वाटतं. मी ताल थोडा मंद केला. दुसऱ्या वेळी उत्तर आलं: सुंदर आहे, पण इथे कुणी काम करत नाही.

इथे कुणी काम करत नाही, हे वाक्य मी तीन दिवस घेऊन फिरलो. शनिवारी दुपारी खानावळीच्या टेबलावर कागद पसरून नव्याने रेखाटत बसलो होतो. काका पेपर वाचत होते. पेपराच्या कडेवरून त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना.

"ह्यां काय रे काढलंस? साचे काय परेड करतत?"

"म्हणजे?"

"अरे, शंभर साचे कधी एका ठोक्यात मारतील? माझे चार साचे चार चालींनी चालायचे. एक तर लंगडाच होता. त्याचा लंगडेपणा बिघडला की समजायचं, धागा तुटला." मग त्यांनी नायिकेवर बोट ठेवलं. "आणि ही बाई कोणाला बोंबलते?"

"खात्यातल्या लोकांना. इशारा देते."

"साच्यात कोणाचा कोणाक आयकाक येता? स्वतःचं शिंकणं ऐकू येत नाही तिथे. आम्ही बोलायचो ते हातांनी. ओठांनी आणि हातांनी."

मी बावीस वर्षांचा पदवीधर, त्याच खात्यात रोज नऊ तास बसत होतो, आणि ज्याने तिथे उभं आयुष्य घालवलं त्याच्या घरची आमटी रोज वाढून घेत होतो. त्याला एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता, कारण काका उठून पायांत चपला घालत होते. "उद्या सकाळी कॅमेरा घेऊन ये ऑफिसचा," ते म्हणाले. "मी माणसं बोलावतो."

रविवारी सकाळी चाळीच्या गॅलरीत काकांचे सात जुने सोबती जमले. कुणी भोईवाड्याहून, कुणी भायखळ्याहून चालत. सगळे इस्त्रीचे शर्ट घालून. प्रत्येकाने आपापल्या साच्यांची जागा मागितली. मग स्टुलं, पालथी पातेली, एक शिलाई मशीन आणि कुंडी मांडून खातं उभं राहिलं. मी कॅमेरा सुरू केला आणि म्हटलं, "काका, आता खुणांनी बोला."

आठही जण हात वर करून उभे राहिले आणि एकमेकांकडे बघत राहिले. एकाने मिशीवरून बोट फिरवलं आणि तोंडानेच विचारलं, "मुकादमाची हीच ना?" दुसरा म्हणाला, "हीच. पण तू बोलतोस कशाला?" तिसरा म्हणाला, "ऐकू येतंय तर बोलणार नाय?"

"शांतता आहे हो," काका हिरमुसून म्हणाले. "शांततेत हात चालत नाहीत."

काकी दारातून सगळं बघत होत्या. त्या आत गेल्या आणि पिठाचा रिकामा डबा नि उलथनं घेऊन आल्या. डब्यावर एक दणका दिला. शेजारणीने परात काढली. तिच्या सुनेने खलबत्ता. पाच मिनिटांत मजल्यावरच्या सगळ्या बायका दारादारांत बसून जे हाताला लागेल ते बडवत होत्या, आणि कुणाचाही ताल कुणाशी जुळत नव्हता. खालून कुणीतरी विचारलं, "लग्न कोणाचं?" वरून उत्तर गेलं, "पिक्चरचं शूटिंग."

आणि त्या गोंगाटात आठ म्हाताऱ्यांचे हात सुटले. मी असं काही पाहिलं नव्हतं. एक हात पातेल्यावर, म्हणजे साच्यावर, आणि दुसरा हवेत बोलणारा. दोन्ही हात पाळण्यासारखे हलवले: बायको बाळंत झाली. टोपीच्या कडेला बोट: साहेब. मिशी पिळून पोटावर थाप: मुकादम, म्हणजे जॉबर. त्यापुढे मुकादमाबद्दल आणखी एक खूण होती, ती काकींनी पाहिली आणि उलथनं काकांवर उगारलं. कोपऱ्यातले दोघे बावीस वर्षांपूर्वीचं एक भांडण पुढे चालू करून बसले होते, एकही शब्द न उच्चारता.

दम खायला सगळे खाली बसले तेव्हा मी विचारलं, "माझी नायिका इशारा देते. सगळ्या खात्याने एकाच वेळी बघितलं पाहिजे. कुठली खूण द्यायची? मुकादमाची?"

"छे," काका म्हणाले. "मुकादमाच्या खुणेला माना खाली जातात. साहेबाच्याही खालीच. माना वर करायच्या तर एकच खूण." त्यांनी उजवा तळवा हनुवटीखाली सपाट धरला, बशी धरतात तसा, आणि मान किंचित मागे केली. "चाय इली."

समोरच्या सातही जणांच्या माना वर झाल्या. त्यांना माहीत होतं की चहा आलेला नाही. तरी झाल्या.

मी सोमवारपासून पाच दिवस काढत होतो. प्रत्येक साच्याला वेगळी चाल दिली आणि एक लंगडा ठेवला. पाळणा, टोपी, मिशी, त्या दोघांचं भांडण, सगळं खात्याच्या कानाकोपऱ्यात टाकलं. शेवटी नायिका तळवा हनुवटीखाली धरते आणि शेकडो माना वर होतात. मॅडमनी तो शॉट सलग तीनदा पाहिला. त्या गिरगावातल्या जुन्या घरातल्या, बोलणं मोजकं. म्हणाल्या, "अंगावर काटा आला. पाठवू या."

उत्तराऐवजी दिग्दर्शकांचा प्रश्न आला. ही खूण फार भारदस्त आहे, तिचा अर्थ काय? पुढच्या सगळ्या भागांतल्या लेखकांना कळवायचा आहे.

"लिही, 'वेळ झाली आहे'," मॅडम म्हणाल्या. "शोभेल."

मी लिहायला बसलो. शोभलं असतं, हे खरं. पण ती खूण काकांची होती, आणि तिच्यात कुठलीही वेळ झाली नव्हती, चहा आला होता. आम्हाला शाळेत गुरुजींनी शिकवलेल्या इंग्रजीत मी एक अख्खं पान लिहिलं. खात्यातला गोंगाट, खाली जाणाऱ्या माना, वर होणाऱ्या माना, आणि बशी म्हणजे काय व तिच्यातून चहा का पितात, हेही. पान मॅडमना दाखवलं.

त्यांनी वाचलं. "बंडखोरांचा महान इशारा म्हणजे चहा आला," त्या म्हणाल्या. "ते हसतील आणि शॉट परत पाठवतील. तिसरी वेळ आहे, लक्षात आहे ना?"

"आहे, मॅडम."

"तरी हेच पाठवायचं?"

"खरं तेच आहे, मॅडम."

त्यांनी बशीवरच्या परिच्छेदातली व्याकरणाची एक चूक दुरुस्त केली आणि स्वतःच्या हाताने पत्र पाठवलं.

चार दिवस उत्तर नाही. मामांचा फोन आला तेव्हा मी त्यांना पहिल्यांदाच विचारलं, जागा अजून आहे का. ते इतके खूश झाले की मला अन्न गोड लागेना. पाचव्या दिवशी मॅडम माझ्या खांबापाशी आल्या आणि त्यांनी कागद टेबलावर ठेवला. दिग्दर्शकांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. शॉट पास. आणि आमच्या लक्षात आलं की मालिकेच्या तेरा भागांत या कामगारांना आम्ही एकदाही काही खायला-प्यायला दिलेलं नाही, तरी कृपया तुमच्या त्या मुलाने कारखान्यासाठी एक कँटीन काढावं.

मी मॅडमच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "अरे, काय हे, ऑफिस आहे." मग मी खांबाच्याही पाया पडलो. ते कुणी पाहिलं नाही.

पहिला भाग तयार झाल्यावर मॅडमनी परवानगी दिली आणि मी आठही जणांना नि काकींना शनिवारी स्टुडिओत नेलं. काका आत शिरले ते थेट नवव्या खांबाकडे गेले. तिथे आमचा प्रिंटर होता. त्यांनी त्यावर हात ठेवून चाल ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हा पण लंगडाच."

मग दिवे मालवून पडद्यावर भाग लावला. कारखाना आला, साचे आले, आणि बसलेल्या जागी आठांचे हात हळूहळू चालू झाले. कोपऱ्यातल्या दोघांचं भांडण दाखवलं तेव्हा ते दोघे एकमेकांपासून थोडे सरकून बसले. नायिकेने तळवा हनुवटीखाली धरला. परळच्या त्या खात्यात आठ माना वर झाल्या, पडद्यावर शेकडो झाल्या, आणि यंत्रं थांबली. आवाज एकदम गेला.

पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

मग काकी म्हणाल्या, "मगे? चाय खंय?"

मी धावत गेलो. आमच्या ऑफिसात चहाचं यंत्र होतं, बटण दाबलं की कागदी पेल्यात चहा. नऊ पेले दोन खेपांत आणले. काकांनी पेला हातात घेतला, त्याच्या खाली पाहिलं, टेबलावर पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"एवढो मोठो ग्रह," ते म्हणाले, "नि एक बशी नाय?"

सोमवारी मी कँटीन काढायला घेतलं. सुरुवात बश्यांपासून केली.