चुलीवर टांगलेलं अळंबीचं बियाणं

जव्हारला धिंगरी अळंबीचं प्रशिक्षण होतं. तिथे मी गेलो तो बायकोसाठी. आम्ही दोघं दर वर्षी दिवाळी झाली की भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातो. तिथल्या धुळीने तिला खोकला लागला होता. डॉक्टर म्हणाले, हिला भट्टीवर नेऊ नका. मी मान हलवली आणि तरीही तिला घेऊन गेलो, कारण भट्टीवर जोडी लागते. एकाने चिखल द्यायचा, दुसऱ्याने विटा पाडायच्या. घरच्या घरी अळंबी पिकली, खोडाळ्याच्या बाजारात विकली गेली, तर ती या वर्षी घरी राहू शकेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

प्रशिक्षणात बियाण्याची पिशवी मिळाली. गव्हाचे दाणे, आणि त्यांच्यावर कापसासारखी पांढरी बुरशी. घरी आल्यावर ती तिच्या हातात दिली, "बियाणं आहे, जपून ठेव," म्हटलं आणि अळंबी ज्यावर वाढवायची तो पेंढा बघायला बाहेर पडलो.

आमच्याकडे जपायचं बियाणं चुलीच्या वर टांगतात. धुरामुळे त्याला किडा लागत नाही. नागली, भात, काकडी, सगळं तिथेच. तिनेही तेच केलं. पेंढा जमवून मी पिशवी खाली काढली तेव्हा दाणे पिवळे पडले होते आणि आंबूस वास येत होता.

मी ओरडलो. शेजारच्या अंगणात वहिनी भात पाखडत होती, तिच्यासमोर ओरडलो. "अक्कल आहे का तुला? जिवंत असतं ते! शिजवून टाकलंस!"

"जिवंत हाय ते आधी सांगायचं ना," ती म्हणाली. "मी कधी कोंबडी टांगली काय चुलीवर?"

वहिनी सूप खाली ठेवून हसली. मी हसलो नाही. बियाणं थंड जागेत ठेवा, असं प्रशिक्षणातल्या ताईंनी बजावून सांगितलं होतं. ते मी ऐकलं होतं आणि घरी सांगितलं नव्हतं. ओरडताना मला हे पक्कं आठवत होतं, आणि तरी मी थांबलो नाही. तिला खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाशी धरून ती मागच्या दाराने निघून गेली.

मी पुन्हा जव्हारला गेलो. बियाणं संपलं होतं, नवीन दिवाळीनंतरच येणार होतं. ताईंनी कापलेल्या धिंगरीचे जाड देठ कागदात बांधून दिले. "ओल्या पुठ्ठ्यात लावून बघा. धरतं, पण सावकाश."

खोडाळ्याच्या किराणा दुकानातून रिकामी खोकी आणली. या वेळी ऐकलेलं सगळं आधी तिला सांगितलं आणि मग दोघांनी मिळून काम केलं. पुठ्ठा गरम पाण्यात भिजवला, गार झाल्यावर पिळला. भिजला की त्याचे पापुद्रे सुटतात. एक पापुद्रा, त्यावर देठाचे तुकडे, वर दुसरा पापुद्रा, असं करत झाकणाचा डबा भरला. डब्याला तापल्या खिळ्याने भोकं पाडली.

"आता हा कुठे ठेवायचा?" तिने विचारलं.

"चुलीपासून लांब."

"मग तुझ्या उशाशी ठेव. तूच राख."

तिची माफी मागायची होती, पण आमच्या घरात तसे शब्द कुणी बोलत नाही. म्हणून मी आधी वहिनीकडे गेलो आणि चूक माझी होती असं सांगितलं.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," वहिनी म्हणाली. "मला काय सांगतोस? जा, तिला सांग."

तिला सांगितलं. ती भाजी चिरत होती. "बरं," म्हणाली आणि चिरत राहिली.

पुठ्ठ्यावर पांढरे धागे पसरले. सगळा डबा पांढरा झाल्यावर आम्ही पेंढा उकळून, निथळून घेतला आणि त्यात पुठ्ठ्याचे तुकडे मिसळून भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या भरल्या. तोवर दिवाळी झाली. अळंबीचा पत्ता नव्हता आणि मुकादम दारात आला.

"जोडी ना?" त्याने विचारलं.

खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो. पिशव्यांवर माझा भरवसा नव्हता. खोकला ऐकू येत होता, तरी तिला चल म्हणणार होतो.

"जोडी नाय," ती माझ्या आधी म्हणाली. "हा एकटा येल."

"एकट्याचं काय करू? लोणचं घालू?"

"विटा उचलायला लाव. मी पिशव्या सोडून नाय येणार."

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "एकटाच." तेवढा एक शब्द मी बोललो, तोही तिने बोलल्यावर.

भट्टीवर मी ट्रकमध्ये विटा भरत होतो. थंडी वाढली तेव्हा तिचा फोन आला. पिशव्यांच्या भोकांतून धिंगरीचे घोस निघाले होते आणि ती टोपली भरून खोडाळ्याला जाऊन आली होती.

"कुणी हात लावीना," ती सांगत होती. "म्हणे, पाऊस नाय नि अळंबी कुठली? खाऊन मरायचं काय?"

"मग?"

"मग काय! भजीवाल्याच्या कढईत मीठ-मिरची घालून परतली नि सगळ्यांसमोर खाल्ली. माणसं बघत उभी, मी कधी पडते म्हणून. नाय पडले तेव्हा मास्तरीणबाईंनी घेतली. मग बाकीचे आले."

"सगळी खपली?"

"थोडी उरली. तीपण मीच खाल्ली."

मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी विचारलं, "खोकला?"

"पहाटे येतो. दिवसा नाय येत आता."

मग पिशव्यांवर पाणी मारायचं राहिलंय म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मी ट्रककडे गेलो.