शेजारच्या सीटवरचा मेकॅनिक

पामर्स्टन नॉर्थला आम्ही आलो तेव्हा मी तेहेतीस वर्षांची होते आणि डॉक्टर होते. सोलापुरात शिकलेली, सांगलीत सहा वर्षं स्वतःचा दवाखाना चालवलेली. नव्वदच्या दशकात माझ्यासारखे बरेच जण तिकडे गेले. व्हिसा देताना त्या देशाने माझ्या डिग्रीचे पॉइंट्स धरले, पण उतरल्यावर कळलं की प्रॅक्टिस करायची तर वेगळी परीक्षा आहे, आणि ती पास होऊनही हॉस्पिटलात जागा मिळेलच असं नाही. पहिल्या खेपेला मी नापास झाले. नवऱ्याला एका डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, काउंटरवर काम मिळालं होतं. मी एका रेस्ट होममध्ये केअरगिव्हर म्हणून लागले. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, चादरी बदलायच्या.

कामाची लाज वाटली नाही. त्रास व्हायचा तो आजार दिसत राहण्याचा. कुणाचे पाय सुजलेले दिसायचे, कुणाचा श्वास वेगळा ऐकू यायचा, आणि माझ्याकडून अपेक्षा होती ती एवढीच की वहीत लिहावं, ‘नाश्ता अर्धा खाल्ला.’

तिथे एक चौऱ्याण्णव वर्षांचे गृहस्थ होते. अंगाने काटकुळे. उजवा कोपर सरळ व्हायचा नाही, त्यामुळे शर्ट घालताना तो हात आधी घालावा लागे. पहिल्याच दिवशी मी त्यांना खुर्चीतून उठवायला मनगट धरलं तर म्हणाले, “तू नाडी बघतेयस.”

“सवय आहे,” मी म्हटलं. “भारतात मी डॉक्टर होते.”

“होते म्हणजे? ते काय उतरतं का अंगावरून?”

त्या दिवसापासून ते मला डॉक्टर म्हणायला लागले. सगळ्या गावात असं म्हणणारे ते एकटेच. बाकीच्यांसाठी मी ‘लव्ह’ होते, नाहीतर ‘डिअर’.

गावात मोटारींच्या शर्यतींचा एक गोल ट्रॅक होता. उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळ व्हायच्या आधीच इंजिनांचा आवाज सुरू व्हायचा आणि आमच्या इमारतीपर्यंत यायचा. बाकीच्या म्हाताऱ्यांना त्याची मजा वाटायची, ते खिडक्या उघडायला लावायचे. हे मात्र म्हणायचे, “डॉक्टर, माझी खिडकी लाव.” एका शनिवारी खिडकी लावून मी विचारलं, आवाजाने डोकं दुखतं का?

“नाही,” ते म्हणाले. “कुठल्या गाडीत काय बिघडलंय ते ऐकू येतं.”

मग त्यांनी सांगितलं. सतराव्या वर्षी ते जहाजावर कोळसा ओढायच्या कामाला लागले आणि कॅलिफोर्नियात उतरून परत चढलेच नाहीत. एका गॅरेजमध्ये राहिले. त्या काळी अमेरिकेत गावोगावच्या जत्रांमध्ये, घोडे पळवायच्या मातीच्या ट्रॅकवर मोटारी पळवत. गाडीत दोघं बसायचे. एक चालवणारा आणि शेजारी मेकॅनिक. आजोबा, मी मनात त्यांना आजोबाच म्हणायची, एका चोवीस वर्षांच्या ड्रायव्हरचे मेकॅनिक होते. स्वतः एकोणीस वर्षांचे.

“पट्टा बांधायचा नाही,” ते म्हणाले. “गाडी उलटली तर बाहेर फेकलं गेलेलं बरं, असं सगळे म्हणायचे. डोक्यावर कापडी टोपी. पुढच्या गाडीची धूळ इतकी, की रस्ता दिसायचाच नाही. मान वर करून कडेच्या झाडांचे शेंडे बघायचे आणि त्यावरून वळण ओळखायचं. आणि लोक नेमके वळणावर उभे राहायचे. तिथेच काहीतरी बघायला मिळतं ना.”

मेकॅनिकची कामं दोन. मागे आणि टायरांवर लक्ष ठेवायचं, काही दिसलं तर ड्रायव्हरच्या गुडघ्यावर थाप मारायची, कारण आवाजात बोलणं ऐकू येत नसे. आणि हातपंपाने पेट्रोलच्या टाकीत सतत हवा भरायची. ती हवा कमी झाली की इंजिनाला पेट्रोल पोचत नसे.

“उजव्या बाजूच्या मागच्या टायरचं रबर गेलं होतं. आतलं पांढरं कापड दिसत होतं. मी थाप मारली. त्याने मानेनेच नाही म्हटलं. चार फेऱ्या राहिल्या होत्या आणि आम्ही दुसरे होतो. मी परत मारली. तो हसला.”

“मग?”

“मग मी पंप मारत राहिलो. थांबवला असता तर अर्ध्या मिनिटात गाडी आपोआप बंद पडली असती. तो चिडला असता, मला हाकलून दिलं असतं. पण मी पंपच मारत राहिलो, डॉक्टर.”

टायर फुटला, गाडी लाकडी कुंपणात घुसली. ते बाहेर फेकले गेले म्हणून वाचले, कोपर तेवढा गेला. ड्रायव्हरच्या छातीत कुंपणाची फळी शिरली होती. शर्यत थांबवली नाही. बाकीच्या गाड्या धूळ उडवत बाजूने जात राहिल्या, आणि लोक कुंपण ओलांडून आले ते आठवण म्हणून गाडीचे तुकडे घ्यायला. डॉक्टर कुणी नव्हताच.

“तुम्ही फक्त एकोणीस वर्षांचे होता,” मी म्हटलं. दवाखान्यात असंच काहीबाही बोलायची सवय लागलेली असते. त्यांनी चहा मागितला.

पुढच्या मार्चमध्ये ते बाथरूममध्ये पडले. डोक्याला बारीकसं टेंगूळ. ते रक्त पातळ करायची गोळी घेत असत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर ते झोपेत असल्यासारखे होते. हाक मारली तर डोळे उघडले, चहाचा कप दिला तर डाव्या हातातून निसटला. मी त्यांचं तोंड खिडकीकडे वळवलं. उजव्या डोळ्याची बाहुली मोठी होती.

हे काय आहे ते मला कळलं. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं.

मी इन्चार्ज नर्सकडे गेले. आधी एक सांगायला हवं. महिन्याभरापूर्वी एका बाईंच्या पोटरीत रक्ताची गाठ आहे म्हणून मी हट्टाने डॉक्टरांना बोलवायला लावलं होतं आणि तपासणीत गाठ वगैरे काही निघालं नव्हतं. तेव्हा मला ऑफिसात बसवून सांगण्यात आलं होतं, “तू इथे डॉक्टर नाहीस. परत असं झालं तर विचार करावा लागेल.”

“त्यांच्या डोक्यात रक्तस्राव होतोय असं वाटतं,” मी म्हटलं.

तिने कागदावरून नजर काढली नाही. “सकाळी मी बघितलंय त्यांना. रात्रभर झोपले नव्हते, दमलेत. डॉक्टर उद्या येणारच आहेत.”

“बाहुली—”

“उद्या,” ती म्हणाली. वाईट बाई नव्हती ती. तीस माणसं आणि एक नर्स.

कॉरिडॉरमध्ये भिंतीला फोन होता. अँब्युलन्ससाठी एकशे अकरा नंबर फिरवायला कुणाची परवानगी लागत नाही; शाळकरी पोरंही फिरवतात. मी त्या फोनसमोरून त्या दुपारी निदान सहा वेळा गेले. एकदा धुतलेल्या चादरी घेऊन, एकदा कमोडची खुर्ची ढकलत. दर वेळी वाटायचं, पुढच्या फेरीला करू. मग मनात यायचं, ही नोकरी गेली तर शिफारसपत्र कोण देईल, परीक्षेचा अर्ज कसा भरणार. पाच वाजता माझी पाळी संपली. वहीत मी लिहिलं, ‘झोपाळू. चहा घेतला नाही.’ आणि सायकल काढली.

सकाळी पोचले तेव्हा त्यांचा पलंग मोकळा होता. पहाटे अँब्युलन्स आली होती. दुपारी हॉस्पिटलातून फोन आला, ते गेले.

आमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरांना मी नंतर सगळं सांगितलं. ते सज्जन होते. म्हणाले, “चौऱ्याण्णवाव्या वर्षी कुणी ऑपरेशन केलं नसतं. काही फरक पडला नसता.” मला माहीत होतं हे. दवाखान्यात मी स्वतः नातेवाइकांना अशीच वाक्यं सांगितली होती. पण त्या दुपारी कॉरिडॉरमधून जाताना मी असा काही हिशेब केलेला नव्हता. मी घाबरले होते, एवढंच.

ख्राइस्टचर्चहून त्यांची मुलगी आली, सत्तरीची. सामानाच्या दोन पिशव्या भरल्या. मला चॉकलेटचा डबा दिला आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, “बाबा फोनवर सांगायचे, इथे माझी स्वतःची डॉक्टर आहे. तुम्ही त्यांच्यासाठी खूप केलंत.” तोंड उघडून सांगावं असं मला वाटलं. मी थँक यू म्हटलं.

चार दिवसांनी त्या खोलीत दुसरे गृहस्थ आले. पलंग मीच लावला.

त्या वर्षीच्या परीक्षेचा अर्ज मी भरला नाही. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हटलं, अभ्यास झाला नाही. पुढच्या वर्षी त्याने विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षी विचारलं नाही. मी त्या रेस्ट होममध्ये आणखी नऊ वर्षं काढली. सांगलीहून आई पत्रात लिहायची, डॉक्टरकीचं कुठवर आलं? मी उत्तरात लिहायची, इथले नियम फार कडक आहेत, आई, परक्यांना घेत नाहीत.