हौदात ओतलेलं गोडं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं — खोटं न बोलण्याचं — की माझा आवाज आपोआप खाली जातो. शेजारणीला वाटतं, घसा बसलाय. तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. पण आज सांगते.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा काळ असेल. मराठवाड्यातून येऊन आम्ही खाडीकाठच्या शिरवणे गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. गावापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर प्लास्टिक भंगाराची एक शेड होती, तिथे मी माल निवडायला जायचे. पाण्याच्या विकतच्या बाटल्या तेव्हा नव्यानंच भंगारात यायला लागल्या होत्या. लोक पाणीसुद्धा विकत घेऊन पितात, याचंच आम्हा बायकांना हसू यायचं. त्या बाटल्यांचा चुरा बागेत पाणी घालायच्या नळ्या करणाऱ्या कारखान्यात जायचा. पण बाटल्यांसारखंच आरपार दिसणारं आणखी एक प्लास्टिक असायचं — डब्या, पेले, कडक जातीचं. त्याचे कंगवे होत. ते बाटल्यांच्या चुऱ्यात मिसळलं की नळीला चिरा पडायच्या.

ही दोन वेगळी करणं माझं काम. तुकडा पेटत्या काडीवर धरायचा आणि वास घ्यायचा. बाटलीचा धूर नाकाला झोंबतो. कडक मालाला काळी काजळी धरते आणि वास जरा गोडसर येतो. शेडमध्ये माझ्या नाकाचं नाव होतं. मी हो म्हटल्याशिवाय पोतं शिवलं जात नसे. सातवी शिकलेल्या, परगावाहून आलेल्या बाईला आणखी काय हवं होतं?

मग ठमा आली. शिरवण्याचीच, आगरी. तिच्या सासऱ्याचं मिठागर नव्या शहराच्या जागेत गेलं, म्हणून ती शेडवर आली. आठवडाभर तिनं माझं काड्या जाळणं बघितलं आणि शेठला म्हणाली, हौदात खारं पाणी करून बघू. साध्या पाण्यात दोन्ही प्रकार बुडतात. पण पाणी नेमकं खारं केलं, तर कडक माल वर तरंगतो आणि बाटल्यांचा चुरा तळाला बसतो. नेमकं म्हणजे किती? ते ती हौदात बोट बुडवून, जिभेला लावून सांगायची. मला जो माल निवडायला दिवस लागायचा, तो तिचा हौद जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचा.

मला तिचा राग नव्हता — नाही, हेही खोटं. माझ्या पोटात दुखत होतं. शेठ 'ठमाबाईला विचारा' म्हणाला की दुखायचं. ती हसली तरी दुखायचं. ती माझ्यासाठी आठवणीनं कालवणाची वाटी आणायची, आणि ते कालवण चवीचं असायचं, म्हणून जास्तच दुखायचं. कालपरवा आलेल्या बाईनं नुसती जीभ लावावी आणि माझं कमावलेलं नाव धुऊन जावं? एक दिवस शेठनं जाहीर केलं — पुढच्या महिन्यापासून माल पास करायचं काम ठमाबाईचं.

दोन दिवसांनी मी ते केलं.

सकाळी तिनं हौद चाखून दिला होता. दुपारी बायका डबे उघडायला लागल्या. हात धुवायच्या निमित्तानं मी मागे गेले आणि नळाचं गोडं पाणी हौदात ओतलं. किती बादल्या, मोजल्या नाहीत. दंड भरून येईपर्यंत ओतल्या. मग येऊन तिच्या शेजारी बसले. माझं लिंबाचं लोणचं तिला फार आवडायचं. मी तिला दोन फोडी जास्त वाढल्या. ठरवून? हो, ठरवून.

जेवणानंतर हौदात फारसं काही वर येईना. ठमा थांबली. बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"पानी पातल लागतंय गो मना," ती म्हणाली.

मी हसले. कसं हसता आलं मला? "अगं, आत्ता लोणचं खाल्लंस ना," म्हटलं, "जिभेला काय कळणार? आज माल बाटल्यांचाच आहे."

तिनं पुन्हा चाखलं. माझ्याकडे बघितलं. "तू म्हंतस तं आसंल," म्हणाली आणि तळाचा चुरा पोत्यात भरायला लागली.

तिला बरोबर कळलं होतं. नीट ऐका — पाणी मी ओतलं, ते पाप आहेच. पण तिला कळलं होतं, आणि ते तिला खोटं वाटेल असं मी केलं.

कारखान्यातून माल परत आला. शेठ सगळ्यांसमोर तिला नाही नाही ते बोलला. तिनं माझं नाव घेतलं नाही. घ्यायला तिला सुचलंच नसेल. "माजीच चूक. लोनचा खाऊन चाखला मी," एवढंच म्हणाली. हौद रिकामा झाला, माझ्या काड्या पुन्हा पेटल्या. ठमाला बाटल्यांची लेबलं खरवडायला बसवलं.

मला वाईट वाटलं? नाही. त्या संध्याकाळी मी पोरांसाठी जिलेबी घेऊन गेले. वाईट वाटायला फार उशीर लागला.

दोन वर्षांनी तिच्या मुलीची हळद होती. अंगणात चुलींवर मटणाचे मोठे टोप चढलेले. जिचा जन्म मिठागरावर गेला, ती ठमा येईल त्या बाईला बोलावून मीठ बघायला सांगत होती. मला बघितलं आणि पळी माझ्यापुढे धरली.

"तूच चाख गो सुमन. माजे जिभेचा आता काय भरवसा नाय."

तेव्हा सांगता आलं असतं. त्या घटकेला चुलीपाशी आम्ही दोघीच होतो.

मी चाखलं. मीठ तिनंच घातलेलं होतं, आणि अगदी बरोबर होतं. "बरोबर आहे," मी म्हटलं.

"तू सांगितलास म्हंजे झाला," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. हाताला धरून ती मला दुसऱ्या टोपाकडे घेऊन गेली.

तिथलंही मी चाखलं. तेही बरोबर होतं.