पाळण्याखालचे साडू

आमच्या घराण्यात जुळलेले सगळे विवाह शास्त्रशुद्ध आणि उरलेल्या जिल्ह्यातले सगळे अंदाजपंचे, असे माझ्या थोरल्या साडूंचे ठाम मत आहे. त्यांचे शास्त्र थोडक्यात असे. मुलगी पाहायला आलेला मुलगा पोहे खाताना सभ्यच दिसतो. पत्रिका गुरुजी जुळवून देतात, नोकरीचा दाखला कचेरी देते आणि स्वभावाची हमी मध्यस्थ घेतो. या सगळ्यांत खुद्द मुलगा कुठेच सापडत नाही. तो सापडतो फक्त उंचावर. म्हणून मुलगी देण्यापूर्वी भावी जावयास सुरतेपलीकडे, समुद्रकाठच्या करमणुकीच्या बागेत न्यावे, तेथील मोठ्या आकाशपाळण्यात बसवावे आणि तो उतरल्यावरच हो किंवा नाही सांगावे. "पोहा खातांना कोनीबी सरळच दिसस, मास्तर," ते मला म्हणत. "वर गया म्हंजे मंग समजस!"

साडूंचे तळोद्याच्या बाजारात पंपाच्या मोटारींना वायंडिंग करून देण्याचे दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी तार वेढे मोजून बसवायची, हे काम ते गेली कित्येक वर्षे करीत आहेत. डोंगरातल्या गावांतून जीपच्या टपावर बांधून आलेली मोटार नुसती हाताने फिरवून तिचा आजार सांगणारा दुसरा कारागीर या भागात नाही, असे ते स्वतःच सांगतात. आणि ते खरेही आहे. मात्र जे जे फिरते त्याची तुलना त्या बागेतल्या पाळण्याशी केल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. आमच्या घरी नवा पंखा बसविला तेव्हा ते खाटेवर आडवे पडून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "फिरस चांगला. पन त्याना मा बठी नही शकत ना!" शहाद्यात कोणाचे तीन मजली घर उठले तर ते पाळण्याच्या अर्ध्यावरही येत नाही, हे ते घरमालकाला वास्तुशांतीच्या पंगतीतच ऐकवीत. सातपुड्याविषयी त्यांची तक्रार एवढीच होती की तो उंच असला तरी एका जागी उभा आहे.

त्या बागेचे वर्णन मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की मी भूगोलाच्या तासाला ते नकाशासह शिकवू शकलो असतो. प्रवेशद्वार म्हणजे सिमेंटचा एक प्रचंड मासा. त्याच्या उघड्या जबड्यातून आत शिरायचे. डावीकडे वेडेवाकडे आरसे, त्यात आमच्या सासूबाई एकदा स्वतःलाच न ओळखता "या बाई कोन शेत?" म्हणाल्या होत्या. उजवीकडे मुलांची आगगाडी, आणि मध्यभागी पाळणा. त्यावरून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गुजरात दिसे. नंदुरबारहून निघालेल्या गाडीने नवापूर सोडले की साडू गुजरातीत शिरत. ती गुजराती ऐकून गुजराती माणसे त्यांच्याशी हिंदीत बोलत, पण त्यामुळे त्यांचा उत्साह कमी होत नसे.

माझी परीक्षा याच पाळण्यावर झाली. मी तेव्हा शहाद्याच्या शाळेत नुकताच लागलो होतो. साडू हे घरातले पहिले जावई, म्हणून परीक्षक तेच. त्यांची स्वतःची परीक्षा कोणी घेतली, हा रास्त प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. पाळण्याशी पोहोचताच त्यांनी फर्मान सोडले, "चपला काढा. वरतून कोना डोकावर पडनी म्हंजे?" त्या दिवसासाठी मी मुद्दाम कातडी सँडल घेतले होते. ते काढून त्यांच्या हाती दिले आणि वर गेलो. वर गेल्यावर मी एकोणिसाचा पाढा म्हटला, हे आज प्रथमच कबूल करतो. खाली उतरलो तेव्हा साडूंनी माझे सँडल माझ्या पायांपुढे जोडीने मांडले, सासऱ्यांकडे वळून "हाऊ चाली जाई", म्हणजे हा चालेल, एवढेच म्हटले आणि माझे लग्न ठरले. पुढे अनेक वर्षे धैर्य या गुणावर निबंध लिहवून घेताना मी हा प्रसंग उदाहरणादाखल सांगत आलो.

मात्र त्यांचा निकष नेमका कोणता, हे कोडे मला सुटत नव्हते. पुढे घरातल्याच एका मुलीसाठी पाहिलेला धुळ्याचा एक रुबाबदार मुलगा हसत वर गेला, हसत उतरला, उतरताच त्याने केसांवरून कंगवा फिरविला; साडू म्हणाले, "नही." दुसऱ्या एकाने खाली येताच सकाळचा सारा फराळ परत केला, तो उत्तीर्ण! मी वहीत रीतसर तक्ता आखला. ओरडला की नाही, डोळे मिटले की उघडे ठेवले, दांडी एका हाताने धरली की दोन्ही, असे रकाने केले. कोणत्याही रकान्याचा निकालाशी संबंध लागेना. विचारले तर साडू म्हणत, "तुम्ही पुस्तकं तपासा. मानसं माले तपासू द्या." गावच्या जत्रेतल्या पाळण्यावर काम भागवावे, असेही मी एकदा सुचविले. त्यांनी जत्रेत जाऊन त्या पाळण्याच्या मोटारीला कान लावला आणि बेअरिंग कोरडे पडल्याचे मालकाला सांगितले. मालकाने खूश होऊन त्यांना फुकट फेरीसाठी बोलावले, तर दुकानावर गिऱ्हाईक थांबल्याची एकाएकी आठवण होऊन ते निघून गेले. तो आठवडी सुट्टीचा दिवस होता. शिक्षकाच्या नजरेतून असली विसंगती सुटू नये. माझ्या नजरेतून सुटली.

मग ती बाग बंद पडली. सुरतेहून आलेल्या एका नातेवाइकाने ही बातमी दिली तेव्हा साडू म्हणाले, "रंग देई ऱ्हायना व्हतीन." दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने तेच सांगितले, तेव्हा म्हणाले, "मोठा कारखानाले बी सुट्टी ऱ्हास." घरात बरीच वर्षे लग्नाचे कोणी नव्हते, त्यामुळे हा रंग आणि ही सुट्टी निर्वेध चालू राहिली. अडचण उभी राहिली ती त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या वेळी. माझी ही भाची धुळ्याला एका दवाखान्यात परिचारिका आहे. तेथेच प्रयोगशाळेत काम करणारा ब्राह्मणपुरीचा एक मुलगा तिने पसंत केला. मुलाच्या घरचे येऊन गेले, पोहे झाले, मुलगा सभ्य दिसला. आणि साडूंचा शब्द अडला. ते नाही म्हणेनात आणि हो तर त्यांच्या तोंडून निघेनाच. साखरपुड्याची तारीख दोनदा पुढे गेली. मुलाकडचे लोक आता दुसरीकडे पाहू लागतील, असे कानावर आले. भाची शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "पप्पा, माले पाळनासंगे लगन नही करनं, मानूससंगे करनं शे!" साडू मोटारीच्या तारेचे वेढे मोजीत होते. ते मोजणे चुकले, असे त्यांच्या पत्नीने नंतर माझ्या पत्नीला सांगितले. वेढे चुकण्याची ती पहिली वेळ.

दुसऱ्या रविवारी त्यांनी मुलाला समुद्रावर बोलावले. साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतले. माझी पत्नी निघताना म्हणाली, "दाजीले संभाळजा. तठे काय बी उरेल नही."

तिचे म्हणणे जवळजवळ खरे होते. सिमेंटचा मासा जागेवर होता, पण त्याच्या जबड्यात बाभळीचे काटे रचून वाट बंद केलेली होती. एक डोळा गळून पडला होता. बाजूच्या फटीतून पाळणा दिसत होता, म्हणजे पाळण्याचे नुसते आरे. डबे काढून खाली ओळीने ठेवले होते आणि त्यांतल्या एकात रखवालदाराची चूल मांडलेली होती. रखवालदार बाहेर येऊन म्हणाला, "काका, बंध छे. केटलाय वरसथी बंध छे." साडूंनी आपली गुजराती काढली आणि मोटार दाखवा म्हणाले, आपण तळोद्याचे वायंडिंगवाले, आपण ती फुकट करून देऊ, आजच बसून करू, तार बरोबर आणली आहे. पिशवी उघडून त्यांनी ती दाखविलीही. रखवालदार हिंदीत आला. "काका, मोटर ही नहीं है. कब की ले गए."

साडूंनी तार पिशवीत ठेवली आणि पिशवीची नाडी उगीच दोनदा बांधली. मुलगा आमच्या आधीच येऊन माशापाशी थांबला होता. वातावरण हलके करावे म्हणून त्याने विचारले, "काका, तुम्ही कोनता डबामा बठेत?"

"मी?" साडू म्हणाले. "मी कधी बठेल नही."

मला माझ्या कानांचा भरवसा वाटेना. "इतक्या वर्षांत?" मी विचारले.

"मंग चपला कोन संभाळी?" ते चिडून म्हणाले, आणि मग हळूच, "माले भ्या वाटस."

मुलगा हसला नाही. "माले बी वाटस," तो म्हणाला. "मी तं काल रातभर इचार करी ऱ्हायंतू, काका माले वर बसाडतीन नी मी खालेच बेशुद्ध पडसू. बरं झायं, मोटार गयी!" एवढे बोलून आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आले आणि तो कानापर्यंत लाल झाला. "समुद्र तं दखी येऊत," असे पुटपुटून त्याने वाळूच्या कडेला चपला काढल्या. साडूंचा हात आपोआप पुढे झाला. चपला त्यांच्या हातात आल्या.

ओहोटी होती. समुद्र फार दूर गेलेला होता आणि मुलगा त्याच्या दिशेने ओल्या काळ्या वाळूतून चालू लागला. त्याच्याकडे डोळे लावूनच साडू मला म्हणाले, "मास्तर, आते सांगस. वर बठेल मानूस काय करस, ते मी कधी दखंच नही. तो खाले दखस का, तेवढंच दखस. वर आभाळ, समुद्र, गंमत. आपली चपला लेईसन कोनीतरी खाले उभा शे, हाई ज्याले तठेबी याद ऱ्हास, त्याना घरमा पोर सुखी ऱ्हास. तुम्ही सारखं खाले दखी ऱ्हायना व्हतात. तव्हयच मी सांगी टाकं."

या ठिकाणी एक खुलासा आवश्यक आहे. मी सारखा खाली पाहत होतो तो नव्या सँडलसाठी. ते त्यांच्या हातातच आहेत ना, की जमिनीवर ठेवले, एवढीच मला चिंता होती. सत्य सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य असते. मी ते त्या क्षणी पार पाडले नाही, आणि माझा संसार चांगला झालेला असल्याने पुढेही पार पाडणार नाही.

मुलगा चालतच होता. ओळखू न येण्याइतका लहान झाला तरी त्याने मान वळविली नाही. मी अस्वस्थ झालो. भाचीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. हाक मारण्यासाठी मी तोंड उघडले, तोच साडूंनी माझे मनगट पकडले. "हाक मारानी नही. नियम शे." आणि ते ओठांतल्या ओठांत काही पुटपुटू लागले. इतक्या मुलांना त्यांनी नाही म्हटले होते, पण मुलगा वळावा म्हणून देवाला साकडे घालताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो.

पाण्याच्या अलीकडे, जिथे वाळू चकाकत होती, तिथे तो थांबला. समोर त्याने पाहावा असा सारा समुद्र होता. तो वळला. कपाळावर हात धरून त्याने आम्हांला शोधले, आणि मग तो हात वर करून हलविला, या, असा.

मी शंकेखोर माणूस आहे. मी लगेच साडूंच्या हातातल्या चपलांकडे पाहिले. रबरी होत्या. एकीचा पट्टा तुटून खिळ्याने ठोकलेला होता. टाचा झिजून पार कागद झालेल्या. त्यांच्या काळजीने जगातल्या कोणीही मागे वळून पाहिले नसते.

"हाऊ चाली जाई," साडू म्हणाले. ते मला सांगत होते, की मुलीला, की त्या डबे उतरविलेल्या पाळण्याला, ते कळले नाही. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या चपला काढल्या, मुलाच्या चपलांसह त्या माझ्या हाती दिल्या आणि विजार वर धरून ते मुलाच्या दिशेने चालू लागले. अर्ध्या वाटेवर थांबून त्यांनी मागे पाहिले. मी दोन्ही जोड उंच करून दाखविले.

लग्न झाले. साडू आता पाळण्याविषयी बोलत नाहीत. पंखा पंख्यासारखा फिरतो आणि कोणाच्या तिसऱ्या मजल्याला ते नावे ठेवीत नाहीत. पंगतीत त्यामुळे थोडे सुने वाटते. मी तळोद्याला गेलो की ते मला बसस्थानकावर सोडायला येतात आणि गाडी सुटली तरी फलाटाच्या कडेला उभे राहतात, दोन्ही हात मोकळे, त्यांचे काय करावे हे न समजल्यासारखे. मी खिडकीतून डोके बाहेर काढून, गाडी वळेपर्यंत, मागे पाहत राहतो. चपला माझ्या पायांतच असतात.