बोट आहे ना धक्क्याला?

आमच्या डॉक्टरांना धुक्याचा वास यायचा. धुकं अजून दूर समुद्रात लोळत पडलेलं असायचं, आणि इकडे डॉक्टर दवाखान्याच्या दारात उभे राहून नाक वर करायचे. "येतंय," एवढंच म्हणायचे. दुपारपर्यंत माणसाला स्वतःच्या पायातले बूट दिसेनासे व्हायचे. हवामानखात्याचा माणूस रेडिओवर अंदाज सांगण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारतो, असं मी बेटभर सांगत सुटलो होतो. ते डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "तुझं बोलणं मी नेहमी दोनने भागून घेतो. मग ते खऱ्याच्या जरा जवळपास येतं."

स्कॉटलंडच्याही डोक्यावर, जिथे नकाशा छापणाऱ्याची शाई संपत आलेली असते, तिथे बेटांचा एक छोटा प्रांत आहे. त्यातल्या एका टोकाच्या बेटावर मी दातांचा डॉक्टर म्हणून सहा महिन्यांसाठी गेलो आणि पाच वर्षं राहिलो. माणसं चारपाचशे, मेंढ्या देवाला माहीत, झाड एक. तेही वाऱ्याला कंटाळून आडवं झालेलं. एकदा माझी टोपी उडाली ती नॉर्वेहून पोस्टाने परत आली. (भागा दोनने.) त्या बेटावर मराठी माणसं दोनच. एक मी आणि दुसरे हे डॉक्टर, मूळ मिरजेचे. पत्नी वारलेली, मुलगी ग्लासगोला, आणि स्वतः वीसेक वर्षं त्या बेटाला चिकटून बसलेले.

दोन मराठी माणसं एकत्र आली की मंडळ स्थापन होणारच. तेही झालं. अध्यक्षपदासाठी दरवर्षी मी त्यांचं नाव सुचवायचो, ते माझं सुचवायचे. समसमान मतं पडायची. मग डॉक्टर पोहे करायचे आणि निवडणूक पुढच्या गणपतीवर जायची. अध्यक्षच नसल्यामुळे आमच्या मंडळाइतका स्वच्छ कारभार अख्ख्या युनायटेड किंग्डममध्ये दुसऱ्या कुठल्याही मंडळाचा नव्हता. पोह्यात शेंगदाणे कमी पडले तर तेवढाच घोटाळा.

डॉक्टरांची एक सवय नव्या माणसाला चमत्कारिक वाटायची. पेशंट समोर येऊन बसला की ते आधी त्याच्याकडे बघत नसत. खिडकीतून खाली धक्क्याकडे बघत. तिथे आमची बोट उभी असायची; कौन्सिलची, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेची, पोट सुटलेली, गाड्या-माणसं-मेंढ्या सगळं एकदम नेणारी. मोठ्या बेटावरच्या हॉस्पिटलला जायला तासाभराचा रस्ता म्हणजे ती बोट. "बोट आहे ना धक्क्याला?" असं स्वतःशीच पुटपुटायचे, आणि मगच "हं, बोला, काय होतंय?" मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, हेलिकॉप्टर आहे की आपल्याला." म्हणाले, "अरे, धुक्यात हेलिकॉप्टर म्हणजे शोकेसमधली वस्तू. बघायची, हात लावायचा नाही."

हे त्यांनी अनुभवाने शिकून घेतलं होतं. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या जेसीची मुलगी बाळंतपणात अडली तेव्हा असंच धुकं होतं. हेलिकॉप्टर घिरट्या घालून परत गेलं. डॉक्टरांनी बोटीवरच्या माणसांना घरून उठवलं, मुलीला बोटीत घातलं, आणि नातू निम्म्या समुद्रात जन्मला. रडला तो इतक्या जोरात की कप्तानाने भोंगा वाजवायचं बंद केलं. जेसी ती गोष्ट सांगताना दर वेळी डॉक्टरांचा हात धरायची आणि बराच वेळ सोडायची नाही.

आणि मग, दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात, कौन्सिलने खर्च वाचवायचं मनावर घेतलं. शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत बोट आमच्या धक्क्यावर न ठेवता मोठ्या बेटावर ठेवायची, असं घाटू लागलं. अंतिम निर्णय नवीन कौन्सिल घेणार होतं, आणि मे महिन्यात निवडणूक होती. डॉक्टरांनी तो प्रस्ताव वाचला, चष्मा काढला आणि मला म्हणाले, "मी उभा राहतोय."

"कुठे?"

"कौन्सिलला. शनिवार-रविवार काय माणसं आजारी पडायची थांबणार आहेत?"

आमच्या वॉर्डात तेव्हा आर्ची नावाचा मेंढपाळ कौन्सिलर होता. दोन टर्म झाल्या होत्या, आणि कौन्सिलच्या सभेत त्याने आजवर एकच वाक्य बोललेलं होतं. ते खिडकी लावून घेण्याबद्दल होतं. माणूस लोण्यासारखा. बोट राहिली पाहिजे असं त्याचंही म्हणणं होतं. पण ते तो मेंढ्यांना सांगायचा.

प्रचारप्रमुख मी. कॉलेजच्या निवडणुकीत मी हरलेला उमेदवार खांद्यावरून मिरवून आणला होता, म्हणजे अनुभव दांडगा. मी डॉक्टरांना पढवलं : दारात उभं राहायचं, हात मिळवायचा, बोटीचं सांगायचं, मत मागायचं, निघायचं. पहिलंच घर जेसीचं. डॉक्टर आत गेले, हात मिळवला आणि तो हात तसाच धरून नाडी बघायला लागले.

"जेसी, पायाची सूज उतरली नाहीये. गोळ्या घेतेस ना?"

"घेते. आठवण झाली की."

"आठवण झाली की? मग मी त्या कशाला लिहून दिल्या, शोभेला?"

मी मागून कोपर मारलं. "डॉक्टर, मत!"

"हां. जेसी, मी निवडणुकीला उभा आहे."

"ऐकलंय. मग मंगळवारी तुम्ही कौन्सिलच्या मीटिंगला मोठ्या बेटावर जाणार?"

"जावं लागेल."

"मग मंगळवारी आमच्याकडे कोण बघणार?"

"मंगळवारी तात्पुरता दुसरा डॉक्टर येईल."

"अस्सं," जेसी म्हणाली, आणि आमच्यापुढे केक ठेवला. प्रत्येक घरात हेच. सूज, खोकला, ब्लडप्रेशर, केक, "मंगळवारी कोण?" आणि शेवटी "अस्सं". त्या बेटावर कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. मी ते सगळे "अस्सं" आपल्या खात्यात जमा धरले. प्रचार संपला तेव्हा माझ्या पँटचं बटण लागत नव्हतं आणि डॉक्टरांनी दोन माणसांचा वेळेवर पकडलेला मधुमेह एवढीच आमची कमाई होती.

मतदान शाळेत झालं. सगळं बेट नटूनथटून आलं. मतपेटी बंद झाली आणि मोजणीसाठी मोठ्या बेटावर निघाली, ती त्याच बोटीतून. मोजणीला आम्हीही गेलो. टाऊन हॉलमध्ये टेबलावर दोन गठ्ठे वाढत होते. आर्चीचा गठ्ठा वाढता वाढता टेकडीएवढा झाला आणि आमचा गवताच्या पेंढीएवढा. मी जन्मभर सगळं वाढवून सांगत आलो, पण तो पराभव वाढवून सांगायला जागाच नव्हती. आर्ची समोर येऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"माफ करा, डॉक्टर. मीसुद्धा मलाच मत दिलं. बायकोच्या छातीचं दुखणं तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही इथे सभेत बसलात आणि तिचा श्वास अडकला तर?"

परतीच्या बोटीत डॉक्टर बेट जवळ येईपर्यंत डेकवर उभे होते. मग म्हणाले, "चूक माझीच. लोकांना इतकं बरं करायला नको होतं."

धक्क्यावर जेसी उभी होती, हातात गरम सूप. मी रागाने विचारलं, "काय गं, तूसुद्धा?" ती लाजली नाही. "आर्चीही बोट ठेवायचीच म्हणतोय," ती म्हणाली. "कौन्सिलर कोणीही होईल. डॉक्टर आम्हाला एकच आहे." आणि डॉक्टरांना दटावून म्हणाली, "वाऱ्यात उभे राहू नका."

आर्ची सभेला गेला. ठराव आला. आर्ची बोलायला उठला, असं म्हणतात. घसा खाकरला, कागद उलटा धरला, आणि बसला. त्या शरदापासून दर शनिवारी संध्याकाळी बोट धक्का सोडून जाऊ लागली.

डॉक्टर तेव्हा खिडकीत उभे असायचे. ती जाईपर्यंत दिवा लावत नसत. मग त्यांनी नवीनच पद्धत काढली. शुक्रवार आला की बेटावरची दिवस भरत आलेली बाई, छातीत दुखणारा म्हातारा, ज्याच्याबद्दल थोडी जरी शंका असेल तो, असे सगळे गोळा करून ते बोटीत बसवून मोठ्या बेटावर पाठवायचे. "दोन दिवस बहिणीकडे राहा, नातवाकडे राहा, सोमवारी या." लोक कुरकुरायचे, पण जायचे. शुक्रवारची ती बोट बघितली की वाटायचं, बेटावरून जत्रा निघाली आहे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शनिवार-रविवारी एकही माणूस दगावला नाही. आणि कौन्सिलने लिहून कळवलं की नवीन व्यवस्था उत्तम चालली आहे.

एका माणसाला मात्र त्यांनी शुक्रवारी कधीच बोटीत बसवलं नाही. जिना चढताना डॉक्टर मध्येच थांबून खिशात चष्मा शोधायचे. चष्मा डोळ्यांवर असायचा. ग्लासगोची मुलगी फोनवर ओरडायची, "बाबा, इकडे या, चेकअप करा." हे म्हणायचे, "येतो गं, जरा इथलं मार्गी लागू दे."

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दारातच त्यांनी नाक वर केलं. "येतंय," म्हणाले. वरणभात झाला, आणि ताट उचलता उचलता ते खाली बसले. चेहरा राखेसारखा. "नर्सला बोलाव," म्हणाले, "आणि घाई दाखवू नकोस, ती घाबरते." नर्स आली, तिने त्यांच्याच सूचनेप्रमाणे त्यांना इंजेक्शन दिलं. हेलिकॉप्टरचा आवाज वर कापसात फिरत राहिला आणि विरला. मोठ्या बेटावर बोटीवरच्या माणसांना घराघरांतून गोळा करत होते. आर्ची धावत आला. त्याच्याकडे छोटी मोटरबोट होती, रडार नसलेली.

"डॉक्टर, मी नेतो तुम्हाला. आता, या क्षणी."

डॉक्टरांनी डोळे उघडले. "आर्ची, बाहेर खडक आहेत. तुझ्या बायकोला तू लागणार आहेस. घरी जा."

आर्ची घरी गेला नाही. दाराबाहेर पायरीवर बसून राहिला.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी माझ्याकडे मान वळवली आणि मराठीत विचारलं, "बघ रे. बोट आहे ना धक्क्याला?"

मी खिडकीशी गेलो. बाहेर धक्का नव्हता, समुद्र नव्हता, काही नव्हतं. मी म्हटलं, "आहे डॉक्टर. उभी आहे. दिवेसुद्धा लावलेत."

ते किंचित हसले. "आज रविवार आहे रे," म्हणाले.

बोट आली तेव्हा उशीर झाला होता.

सोमवारी सकाळी धुकं असं गेलं, जणू कधी नव्हतंच. त्यांना ग्लासगोला मुलीकडे न्यायचं होतं, तिथेच अग्नी द्यायचा होता. सगळं बेट धक्क्यावर आलं. शवपेटीला पुढून आर्चीने खांदा दिला, बाजूने मी. जेसीने माझी बाही घट्ट धरली होती. "आम्हाला तो आमच्याजवळ हवा होता," ती म्हणत होती. "तेवढंच हवं होतं आम्हाला."

पेटीबरोबर मी बोटीत चढलो. दोर सुटले, बोट धक्क्यापासून दूर होऊ लागली. मी डेकवरून मागे बघत होतो. कोणी हात हलवत नव्हतं, कोणी घरी वळत नव्हतं. बोट जिथे उभी असते तिथे आता नुसतं पाणी होतं, आणि ते सगळेच्या सगळे त्या रिकाम्या पाण्याकडे बघत उभे होते. डॉक्टर शनिवारी बघायचे, अगदी तसे.

हे मात्र दोनने भागू नका.