बापाच्या दारातला मोर्चा

कौसाबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंगणात गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. दूध संस्थेतली शांता फाटकाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, कौसामावशी गेल्या." मी पदराला हात पुसले आणि चपला शोधू लागले. रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं, सुटल्या एकदाच्या... आणि पाठोपाठ, आता रेखाला कसं सांगायचं? रेखा ही त्यांची सून. कौसाबाईंसाठी सगळ्यात जास्त रडण्याचा हक्क तिचा होता आणि नेमकं तिलाच अंत्यविधीला येता येणार नव्हतं. मी फोन केला. ती नुसतं "बरं" म्हणाली.

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. ओळखीचे लोक भेटले की म्हणतात, बाई, तुम्ही त्यांच्याबरोबर सगळे मोर्चे चाललात, त्यांच्यावर लिहा. लिहायला हरकत नाही, पण मेलेलं माणूस लेखात फार गोड होऊन जातं आणि कौसाबाई गोड नव्हत्या. दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात मी शिक्षिका म्हणून आले तेव्हा त्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्षा होत्या. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा सुभाष पदरात, आवाज असा की सकाळी त्या दूध संकलनाच्या जागी बोलायला लागल्या की मला शाळेत हजेरी घेता येत नसे. दुधात पाणी सापडलं तर त्या बाईला सगळ्यांदेखत झाडायच्या. माझ्याशी तर पहिली दोन वर्षं त्यांचं पटलंच नाही. "शाळेच्या बाईला नुसतं बोलता येतंय," असं म्हणायच्या, तेही मला ऐकू जाईल असं.

मग लागोपाठच्या दुष्काळात ते मंगलचं प्रकरण झालं. नवऱ्यानं हात मोडला म्हणून मंगल माहेरी निघून आलेली, आणि तिचा बाप नामदेव तिला हात बरा होताच परत धाडायच्या बेतात. माणूस वाईट नव्हता. जनावरं छावणीला, रानात काही नाही, घरात आधीच खाणारी तोंडं जास्त. आम्ही दोन-चार शिकलेल्यांनी तहसीलवर मोर्चा न्यायचं ठरवलं. निवेदन लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे. कौसाबाईंनी ते वाचायला लावलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं की तहसीलदार हिला जेवायला घालणार आहे का. मी निवेदनाची घडी घातली. "मंग मोर्चा बापाच्या दारात न्यायचा," त्या म्हणाल्या. "तिथंच तर अडलंय सगळं."

सकाळचं दूध घालून झाल्यावर आणि टँकर यायच्या आत बायका निघाल्या. टँकर चुकवून कुणीच आलं नसतं, त्यामुळे आमच्या मोर्च्यांची वेळ कायम टँकरवाल्याच्या हातात असे. प्रत्येकीच्या पदरात घरच्या ज्वारीतली ओंजळ-दोन ओंजळी. घोषणा नाहीत, फलक नाही. नामदेवच्या दारात गेल्यावर कौसाबाईंनी मंगलला पाटावर बसवलं आणि तिची ओटी भरायला घेतली. लेक सासरी निघताना भरतात ती ओटी, ती माहेरी राहावी म्हणून, आणि तीही एक विधवा भरतेय... नामदेवची म्हातारी आई चिडलीच. असं कुठं असतं का, म्हणाली. कौसाबाईंनी मान वर केली नाही. "ही सासरला चाललीच न्हाई म्हातारे, मंग रिवाज कुठला लागतोय हिला?" एकेक बाई ओंजळ रिकामी करत गेली. पदरात मावेना तेव्हा पोतं आणलं. नामदेव खांबाला टेकून खाली मान घालून उभा होता. एवढ्या बायकांनी आपल्या पोरांच्या तोंडचं काढून आणलेलं धान्य दारात पडल्यावर त्याला मुलीला धाडणं जमलं नाही. मंगल राहिली. आज तिची स्वतःची शिलाईची दोन यंत्रं आहेत.

त्यानंतर आसपासच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. काही पोरी राहिल्या, काहींना आठ दिवसांनी गुपचूप परत धाडलं. एकीची बातमीच आली, त्याबद्दल मी आजही लिहू शकत नाही. पुढे तालुक्याला मोठे मोर्चे निघायला लागले, पुढारी आले, मंडप आले. कौसाबाईंना व्यासपीठावर बसवून शाल-नारळ देत. परतताना जीपमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "समद्यांनी पोरीचं नाव घेतलं, बाई. पोरगी रातच्याला कुठं निजती ते कुणी इचारलं न्हाई." थकवा चालण्याचा नव्हता. तेच तेच पुन्हा करावं लागतं याचा होता, आणि तो मलाही होता, अजून आहे.

सुभाष तोवर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला लागला होता. तो पितो हे गावाला माहीत होतं. रेखाला मारतो हेही माहीत होतं, पण कौसाबाईंसमोर ते काढायची कुणाची छाती नव्हती. त्या स्वतः मध्ये पडायच्या, त्याचा हात धरायच्या, एकदा त्यांनाही लागलं. शेवटी रेखाला एका कानानं ऐकू येईनासं झालं आणि ती माहेरी गेली. दोन दिवस संकलनावर कुणी तिचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी कौसाबाईंनीच सांगितलं की उद्या टँकरच्या आधी निघायचं. कुणाच्या दारात, असं शांतानं विचारलं. "माझ्या इवायाच्या," त्या म्हणाल्या.

रेखाच्या वडलांना वाटलं विहीणबाई सुनेला न्यायला आल्या. त्यांनी पाणी दिलं, रेखाची पिशवी भरून दाराशी ठेवली. कौसाबाईंनी ती पिशवी उचलून परत आत नेऊन ठेवली, सुनेला बसवलं आणि ओटी भरली. निम्मी ज्वारी खाली सांडली. मग त्या व्याह्यांकडे वळल्या. "दादा, तुमी धाडली तर मी घरात घेईन बी. पण माझा डोळा लागल्यावर माझा लेक काय करील, ते माझ्या हातात न्हाई. धाडू नका." मी इतके मोर्चे पाहिले, त्या दारातल्या कौसाबाईंएवढी मोठी बाई मला कुठल्याच मंडपात दिसली नाही.

सुभाषनं त्या संध्याकाळी घर सोडलं. रेखाच्या माहेरी जाऊन त्यानं दोनदा दंगा केला, तेव्हा माझ्या ओळखीनं आम्ही तिला दुसऱ्या जिल्ह्यात मुलींच्या वसतिगृहात कामाला लावलं. ती कुठे आहे ते कौसाबाईंना, मला आणि तिच्या वडलांना, एवढ्यांनाच ठाऊक. ते वडील गेले तेव्हाही ती आली नाही. रविवारी माझ्या फोनवर सासू-सून बोलत. बोलणं म्हणजे काय, पाणी आलं का, गुडघे कसे आहेत. मुलाचं नाव कौसाबाई घेत नसत. शेजारणी म्हणायच्या, सुनेपायी लेक घालवला. त्यावर पूर्वीच्या कौसाबाई तुटून पडल्या असत्या, पण आता नुसत्या मान हलवायच्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुभाष माझ्याकडे आला. डोक्याचे केस काढलेले, अंगानं पार वाळलेला, आईसारखाच पाठीत वाकलेला. त्याला बघून मला राग यायला हवा होता. आला नाही, वाईट वाटलं. मी चूल पेटवली आणि त्याला जेवायला बसवलं. दोन घास खाऊन तो म्हणाला की दारू सोडली, तीन वर्षं झाली. खरंही असेल. मग त्यानं विचारलं, "बाई, रेखा कुठं हाय?"

जायच्या आदल्या आठवड्यात कौसाबाईंनी माझा हात धरून एवढंच सांगितलं होतं, "सुभाष आला तर त्याला पोटभर जेवू घाला. माझा लेक हाय त्यो. पण रेखाचा पत्ता देऊ नका."

मी त्याला पत्ता सांगणार नाही म्हणाले. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "आईनं सांगून ठेवलंय?" मी हो म्हणाले. "अन् जेवू घाला म्हणून? ते बी तिनंच?"

त्यालाही हो म्हणाले. त्याच्या डोळ्यांतलं पाणी आमटीत पडत होतं आणि तो जेवत होता. तो नको म्हणेपर्यंत मी भाकरी वाढत राहिले.