अर्धी अर्धी गोळी

आरसा नकोसा वाटायला लागला की माणसं उस्तादांच्या खुर्चीत येऊन बसायची. "उस्ताद, जरा बघा हं," एवढंच म्हणायची. काय बघायचं ते उस्तादांना बरोबर ठाऊक. कानामागे कापसाचा बोळा, ब्रशभर कलप, आणि मागवलेला चहा गार व्हायच्या आत माणूस दहा वर्षं अलीकडे. म्हातारपण परतवण्याचं संशोधन चालू असल्याची बातमी कुणीतरी पेपरातून मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा उस्ताद कात्री न थांबवता म्हणाले, "फार लवकर जागे झाले! मी जन्मभर दुसरं काय करतोय?"

गल्लीतली निम्मी डोकी काळी करणाऱ्या या माणसाच्या बायकोचे केस मात्र पांढरेशुभ्र होते. तिला सगळे काकू म्हणत. कलपाची वाटी घेऊन उस्ताद मागे लागले की ती त्यांना उडवून लावायची. "कुणाबरोबर म्हातारी झाले ते दिसू दे की लोकांना."

पण म्हातारपण नुसतं डोक्यावर बसून राहील तर ते म्हातारपण कसलं! ते उस्तादांच्या उजव्या हातात उतरलं. आधी कंगवा कात्रीवर उगाच टकटकायला लागला. मग एका सकाळी रिटायर पोस्टमास्तरांची दाढी करताना वस्तरा कानाच्या पाळीला लागला. पोस्टमास्तर भला माणूस. "एवढंसं तर आहे," म्हणत त्यांनी स्वतःच तुरटी दाबून धरली आणि पुढच्या खेपेला मुकाट्याने त्याच खुर्चीत येऊन मान वर केली. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्या वर केलेल्या मानेला वस्तरा लावायला उस्तादांचं मन धजेना. त्यांनी वस्तरा दुकानात हाताखाली असलेल्या पुतण्याच्या हातात दिला आणि त्यानंतर गिऱ्हाइकाच्या गालाला तो कधी लावला नाही.

पुतण्या चांगला बाप्या गडी, हात बसलेला. पण स्वतःच्या दाढीला उस्ताद त्यालाही हात लावू देत नसत. न्हाव्याने दुसऱ्याकडून दाढी करून घ्यायची म्हणजे दुकानाला कुलूपच की. त्यामुळे रोज सकाळी त्यांच्या गालावर कापसाचे दोन-तीन तुकडे चिकटलेले असत आणि गिऱ्हाइकं शहाण्यासारखी दुसरीकडे बघत.

दुकानाच्या वर दोन खोल्या आणि मधे उभा लाकडी जिना. काकूच्या गुडघ्यांनी त्या जिन्याशी कायमचं वाकडं घेतलं होतं. पूर्वी ती दुपारी खाली यायची, खिडकीजवळच्या बाकावर बसायची आणि नाही तिथे नाक खुपसायची. "अगदी बारीक नको हं याचे, कान केवढे आहेत बघा, झाकू दे जरा." आता तो बाक रिकामा असायचा. काकू वरून जमिनीवर काठी आपटायची, उस्ताद खालून "आलो गं" म्हणायचे, तेवढाच काय तो संवाद.

गुडघे हॉस्पिटलात दाखवायला तिला खुर्चीत बसवून खाली उतरवलं ते पुतण्याने आणि शेजारच्या शिंप्याने. "हळू रे, कपाट नाही मी!" अख्ख्या गल्लीने ऐकलं. तर त्या हॉस्पिटलात म्हातारपणावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. ती करणारी डॉक्टरीणबाई त्यांच्या नातीच्या वयाची, पण समजावून सांगण्यात तरबेज.

"शरीरात काही पेशी म्हाताऱ्या होतात," ती म्हणाली. "मरत नाहीत आणि काम पण करत नाहीत. नुसत्या बसून राहतात आणि आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही बिघडवतात. हे औषध त्यांना बाहेर काढतं. निदान उंदरांमध्ये तरी काढलंय."

"म्हणजे केस कापून झाल्यावरही खुर्ची न सोडणारं गिऱ्हाईक," उस्ताद म्हणाले. "पेपर वाचत बसतं आणि रांगेतल्यांचं डोकं फिरवतं."

डॉक्टरीणबाई हसली. "अगदी तेच. तुमचं औषध काय असतं मग?"

"पंखा बंद करायचा."

दोघांनीही नाव घातलं. काकूने गुडघ्यांसाठी, उस्तादांनी हातासाठी. वस्तरा परत हातात यावा एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी काकूशिवाय कुणाला सांगितली नाही. दोघांना वेगवेगळ्या बाटल्या मिळाल्या. कुणाच्या बाटलीत खरं औषध आणि कुणाच्या साधी पिठाची गोळी, हे डॉक्टरीणबाईलाही माहीत नव्हतं. तशीच पद्धत असते म्हणे.

घरी आल्यावर काकू बाटल्यांकडे बघत बसली. "अहो, समजा माझ्यात खरं औषध निघालं. मी टुणटुणीत झाले आणि तुम्ही असेच राहिलात, तर?"

"मग तुला दुसरं स्थळ बघू."

"थट्टा पुरे. मला नकोय असलं तरुणपण."

उस्तादांनाही ते नको होतं. या घरात लग्नापासून चहा एकच कप व्हायचा. कप एकाला, बशी दुसऱ्याला. आजारपणसुद्धा एकाला आलं की दुसऱ्याकडे मुक्कामाला जायचं. तेव्हा पुढे जे झालं ते त्यांच्या दृष्टीने अगदी सरळ होतं. रोज सकाळी उस्ताद दोन्ही बाटल्यांतली एकेक गोळी पाटावर ठेवत आणि वस्तऱ्याने तिचे बरोबर मधून दोन तुकडे करत. हात थरथरायचा, म्हणून काकू त्यांचं मनगट घट्ट धरायची. मग तुझी अर्धी मला, माझी अर्धी तुला. डॉक्टरीणबाईने विचारलं की दोघंही प्रामाणिकपणे सांगत, "एकही दिवस चुकवला नाही हो."

अधूनमधून बरंही वाटे. एका सकाळी उस्तादांनी बशीत चहा ओतला आणि थेंबही सांडला नाही. दोघं त्या बशीकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी चहा पुन्हा जमिनीवर.

शेवटी रक्ताने चुगली केली. डॉक्टरीणबाईने दोघांना समोर बसवलं. आधी तिला राग आवरेना, मग हसू.

"तुम्हा दोघांच्याही रक्तात औषध निम्मं निम्मं! एकाच्यात पूर्ण हवं होतं, दुसऱ्याच्यात काहीच नको होतं. तुमचे दोघांचेही आकडे मला फेकून द्यावे लागणार. काय केलंत हे?"

"वाटून घेतलं," काकू म्हणाली, जणू विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

पुढच्या टप्प्यात सगळ्यांनाच खरं औषध मिळणार होतं. पण आता एका घरातून एकच माणूस घ्यायचा, असा नियम झाला होता. "तुमच्यामुळेच झाला," डॉक्टरीणबाई म्हणाली. "कोण येणार ते ठरवून सांगा. आणि वाटून घेणार नाही असं वचन द्या."

घरी दोघांची जुंपली. काकू म्हणे, तुम्ही घ्या, दुकान तुमचं. उस्ताद म्हणत, बघू. तोंडाने बघू म्हणत होते, पण मन त्या वस्तऱ्याकडे धावत होतं, हे त्यांचं त्यांना कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

दुपारी दुकान रिकामं असताना त्यांनी खणातून एक फुगा काढला. नवशिक्याला वस्तरा शिकवायचा तो फुग्यावर. फेस लावायचा आणि फुगा न फोडता तो उतरवायचा. पुतण्या असाच शिकला होता. उस्तादांनी फुगा फुगवला, फेस लावला, श्वास रोखला. फट्ट! फेस आरशावर, भुवईवर, मिशीवर. पुतण्या मागच्या दारातून धावत आला आणि त्यांचा अवतार बघून हसू दाबत उभा राहिला.

"हस की," उस्ताद म्हणाले आणि स्वतःही हसले. मग पुतण्याने न सांगताच फडकं घेतलं आणि आरसा लख्ख केला. त्याच्या हाताकडे उस्ताद बराच वेळ बघत होते.

ते वर गेले. "तू घे."

"अहो, पण तुमचा हात..."

"माझ्या हाताचं काम दुसऱ्याचा हात करतोय. चांगलं करतोय. तुझ्या पायांनी जिना कोण उतरणार? तो बाक रिकामा असला की मला करमत नाही गं."

डोळे पुसून काकू म्हणाली, "एवढी वर्षं बोलला नाहीत ते."

काकूने औषध घेतलं, पूर्ण, वाटून न देता. तेच तिला सगळ्यात जड गेलं. हॉस्पिटलातले व्यायामही केले. पुढे हळूहळू गुडघे जरा वाकू लागले. "औषधाने असेल, व्यायामाने असेल, इतक्यात काही सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. एका दुपारी जिना करकरला. कठडा धरून, प्रत्येक पायरीला देवाचं आणि जिना बांधणाऱ्या सुताराचं नाव घेत काकू खाली आली आणि धपकन बाकावर बसली. पोस्टमास्तर अर्ध्या दाढीनिशी उठून उभे राहिले.

दम खाऊन झाल्यावर तिने उजेडात नवऱ्याचं तोंड नीट पाहिलं. कापसाचे चार तुकडे.

"हे काय?"

"काही नाही. ब्लेड खराब आहे."

काकूने पुतण्याकडे हात पसरला. "आण तो फुगा."

फुगा आला, फेस लागला. कैक सकाळी त्या वस्तऱ्यामागचं मनगट धरून बसलेली बाई ती; तिने हळूहळू सगळा फेस उतरवला. फुगा होता तसाच राहिला.

"बसा," तिने खुर्चीकडे बोट दाखवलं.

उस्तादांनी पुतण्याकडे पाहिलं, पोस्टमास्तरांकडे पाहिलं. मग त्या खुर्चीत, जिथे आजवर फक्त गिऱ्हाइकं बसली होती, ते जाऊन बसले आणि त्यांनी मान वर केली. फेस गार होता. उजवा हात मांडीवर आपला थरथरतच होता. तो त्यांनी डाव्या हाताने दाबून धरला.

"राहू द्या तो," काकू म्हणाली. "हात हलला तर हलू दे. मान हलवू नका."

उस्तादांनी हात सोडला आणि डोळे मिटून घेतले.